बशीतली म्हातारी

९ जानेवारी

वरची ओळ कोरी सोडली आहे. तुला प्रिय म्हणावं तर खोटं होईल, आणि आशीर्वाद वगैरे लिहावेत तर ते तू मागितलेले नाहीस. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

हे कामाचं पत्र आहे. पाच वर्षांनी बहिणीचं अक्षर दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. बाग सोडताना तू एक कुंडी घेऊन गेलास. मातीची, तळहाताएवढी, काठाचा टवका उडालेली. कातळ फोडायच्या आदल्या दिवशी तू दोरावरून उतरून जी शेवटची म्हातारी, ते पांढऱ्या केसांचं शेवाळ, खरवडून आणलीस, ती त्या कुंडीत होती. ती कुंडी मला हवी आहे. म्हातारी मेली असेल तर तसं एका ओळीत कळव, म्हणजे मी वाट बघणार नाही.

कारण सांगते. ऑक्टोबरात वरच्या लोकांनी ठरवलं, की बागेत सांभाळलेलं दुर्मीळ शेवाळ आता एखाद्या दुसऱ्या ओल्या कातळावर लावून बघायचं. त्यासाठी मी कल्चर रूममधल्या थंड कपाटातून म्हातारीच्या बारा बशा काढल्या आणि उजेडाच्या फळीवर ठेवल्या. बारा वर्षं त्या आपण मुद्दाम गारठ्यात, अंधूक उजेडात ठेवल्या होत्या, म्हणजे वाढ सावकाश होते आणि दर महिन्याला नव्या अगारवर हलवत बसावं लागत नाही. तशा थंडीत शेवाळ पान धरत नाही, नुसतं हिरव्या धाग्यांचं जाळं राहतं, हे तुला मी पन्नासदा सांगितलं आहे आणि तू पन्नासदा जांभई दिली आहेस. उजेडात पाचव्या आठवड्याला पानं आली. रुंद, गुळगुळीत. टोकाला पांढरा केस नाही. मुळांसारख्या धाग्यांवर बारीक लाल मणी. म्हणजे म्हातारी नाही, फुकटी.

हो, तीच फुकटी. आपल्या काचघरात प्रत्येक कुंडीवर, नळाच्या तोंडाशी, फरशीच्या फटीत न बोलावता येणारी. नाव तूच ठेवलं होतंस. धाग्यांच्या अवस्थेत दोघी सूक्ष्मदर्शकाखालीही सारख्याच दिसतात. तिचं एखादं बीजुक हवेतून पहिल्या बशीत पडलं असणार, आणि तिथून पुढे आम्ही तिलाच जपत आलो. नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या नळ्याही त्याच बशीतून भरलेल्या. वाळलेल्या नमुन्याच्या पाकिटातली बीजुकं रुजत घातली, एकही उगवलं नाही. बाराच्या बारा बशा फुकटीच्या आहेत.

हे आधी कोणाला कळणं शक्यच नव्हतं. तेही तुझ्या माहितीसाठी.

कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नकोस, आत पाणी सुटून ती कुजेल.

ताई


२ फेब्रुवारी

उत्तर नाही. म्हणून वहिनीला फोन केला. ती बिचारी आपल्या दोघांमध्ये कायमची कोंडीत सापडलेली.

"पत्र मिळालं ना?"

"मिळालं हो ताई. वाचून फ्रिजवर ठेवलंय."

"मग काय म्हणतोय?"

"काहीच नाही. सकाळी उठला की न्हाणीघरात जाऊन कुंडीकडे बघत बसतो. मग कामावर जातो."

म्हणजे कुंडी आहे. म्हातारी जिवंत आहे, आणि तू तिच्यावर नागासारखा वेटोळं घालून बसला आहेस. शोभतं का रे हे? उंच इमारतींवरून दोराला लोंबकळत लोकांच्या काचा पुसतोस, असं कळलं. तुझ्या हातांना कातळाची सवय, तिथे तुला काच पुसायला लागते, हे ऐकून मला बरं वाटलं असेल असं तुला वाटत असेल. वाटलं नाही. थोडंसं वाटलं.

तू सगळ्यांना काय सांगत फिरलास ते माझ्या कानावर आलेलं आहे, म्हणून माझीही बाजू एकदा ऐक. कातळाजवळच्या त्या घाटवळणावर वर्षभरात दोन बस दरीत गेल्या होत्या. रस्ता सरळ करायचा तर कातळ फोडावाच लागणार होता. रस्त्याच्या लोकांना बागेकडून फक्त एक कागद हवा होता, की तिथलं शेवाळ जिवंत आणि सुरक्षित आमच्या ताब्यात आहे. मी सही केली. मी केली नसती तर साहेबांनी दुसऱ्या कोणाकडून करून घेतली असती.

आणि तू भर बैठकीत, दारातून, बूट चिखलाने भरलेले, ओरडलास, "अगं, तू तिला बशीत ठेवलीस म्हणूनच ते कातळ फोडायला मोकळे झाले ना! वळण दहा हात अलीकडून काढा म्हणावं. तू सही नको करूस, मग बघ कसे काढतात ते." साहेब बसलेले, रस्त्याचे इंजिनियर बसलेले, आणि तू मला अगं-तुगं करतोस. माझ्या तोंडाला काळं फासलं नाहीस, एवढंच बाकी ठेवलंस.

चोरी हा शब्द माझा नव्हता. परवानगीशिवाय बागेचं जिवंत साहित्य बाहेर नेणं, याला नियमात तोच शब्द आहे. मी अहवाल लिहिला तो नियमाप्रमाणे लिहिला. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तरी तसाच लिहिला असता.

पुन्हा मागते. कुंडी पाठव.

ताई


२१ फेब्रुवारी

तुझं कार्ड मिळालं. 'कुंडी ठीक. तुला कधी कळलं?' पाच शब्द. टपालखात्यावर केवढे उपकार केलेस.

कधी कळलं म्हणजे? लिहिलं आहे ना, डिसेंबरात. फळीवर पानं आली तेव्हा. पत्र नीट वाचायची सवय तुला कधीच नव्हती.

तुला हे काम सोपं वाटायचं. बाटलीबाई, बाटलीबाई म्हणून चिडवायचास. कातळावरून आणलेला एक पुंजका, त्यावर माती, किडे, बुरशी, सगळं जग. ते धुऊन काढायचं तर ब्लीच. ब्लीच जरा जास्त झालं की म्हातारी पांढरी पडून मरते, जरा कमी झालं की तिसऱ्या दिवशी बशीत बुरशी. एकशे तीस बशा मेल्या होत्या तेव्हा. मी रोज सकाळी जाऊन मोजायचे आणि टाकून द्यायचे. आणि मग एकशे एकतिसाव्या बशीच्या कडेला हिरवा ठिपका. तू धावत आलास, दोरासकट. भिंगातून बघितलंस, तुला काही कळलं नाही, तरी म्हणालास, "अगं बाटलीबाई, मूल झालं की तुला!" आपण दोघं त्या एवढ्याशा खोलीत वेड्यासारखे हसत होतो, आणि बाहेर मावशी बशा धुता धुता विचारत होत्या, काय झालं म्हणून.

तो हिरवा ठिपका फुकटी होता, सरड्या. तेव्हापासूनच. हे डिसेंबरात कळल्यावर माझं काय झालं असेल, याचा तू विचार केलास का? तू कधी कळलं ते विचारतोस. कसं वाटलं ते विचारत नाहीस.

असो. साहेबांनी मुदत दिली आहे. एप्रिलअखेर अस्सल झाड हाती आलं तर ठीक, नाहीतर यादीत म्हातारीच्या नावापुढे 'नामशेष' लिहायचं. पृथ्वीवर ती त्या एकाच कातळावर होती, आणि आता तुझ्या न्हाणीघरात आहे. भांडण माझ्याशी आहे ना तुझं? मग तिला कशाला मध्ये घेतोस?

ताई


६ मार्च

पुन्हा कार्ड. पुन्हा तेच. या वेळी 'कधी' खाली दोन रेघा.

लहानपणीही तू असाच होतास. मी तुझी दौत सांडली होती तेव्हा दोन दिवस माझ्यामागे फिरून एकच प्रश्न, तू सांडलीस ना? मारलं नाहीस, रडला नाहीस, आईकडे गेला नाहीस. नुसतं विचारत राहिलास. शेवटी मीच आईला जाऊन सांगितलं, तुझा जाच टाळायला.

तर ऐक. सहीच्या नऊ दिवस आधी.

मावशींनी एक बशी आणून दाखवली. धुवायला आलेल्यांतली एक त्यांच्याकडून खिडकीत राहून गेली होती, महिना-दीड महिना, चांगल्या उजेडात. झाकणावर माझ्या अक्षरात म्हातारीचा नंबर. आत इवली इवली पानं आलेली.

मावशी म्हणाल्या, "बाई, ही तर आपल्या कुंड्यांवरचीच की. आमच्या मोरीत पण हीच येते."

मी म्हटलं, "बाहेर राहिली ना उघडी, म्हणून दुसरं काहीतरी पडलंय आत. खराब झालीय. द्या इकडे."

झाकण पक्कं बंद होतं. कडेला लावलेली चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. ती मी स्वतः सोलून काढली. मग सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, लाल मणी बघितले, आणि बशी ऑटोक्लेव्हच्या कडकडीत वाफेत टाकली. वहीत त्या नंबरापुढे लिहिलं, 'बुरशी, टाकली.' मावशींनी पुन्हा विषय काढला नाही. त्यांना कोण विचारतो?

मला शंका आली होती, असं लिहिणार होते. दोन कागद फाडले तसं लिहून. शंका नव्हती, मला कळलं होतं. बाकीच्या बशा उजेडात ठेवून खात्री करायला पाच आठवडे लागले असते. साहेबांना म्हणता आलं असतं, पाच आठवडे द्या. कातळ कुठे पळून जात नव्हता. पण म्हणजे मला सांगावं लागलं असतं, की सात वर्षं ज्या खोलीत साहेब पाहुण्यांना घेऊन येतात आणि 'या आमच्या बाई, यांनी एक जात वाचवली' असं म्हणतात, त्या खोलीत मी तण वाढवते आहे. त्या वाक्याची मला चटक लागली होती. पाहुणे गेल्यावर मी ते मनातल्या मनात पुन्हा ऐकायचे. हे कोणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते आहे, आणि सांगताना तुझा राग येतो आहे.

आता ते चोरीचंही सांगून टाकते. अहवाल मी नियमासाठी लिहिला नाही. तुझ्या कुंडीत खरी होती म्हणून लिहिला. ती कुंडी माझ्या बशीशेजारी आली असती तर आज ना उद्या कोणीतरी दोन्ही एकदम बघितल्या असत्या. मला वाटलं, कुंडी जप्त होईल आणि कपाटाच्या तळाशी वाळून जाईल. तू ती अंगरख्याखाली घालून पळालास. तुझी नोकरी गेली, घर सुटलं, आई तुझी वाट बघत गेली, आणि मी मात्र तुझ्या नावाने नाक मुरडत पाच वर्षं त्याच खुर्चीवर बसले.

मिळालं उत्तर? आता कुंडी पाठव.

ताई


२८ मार्च

'मला सांगून काय उपयोग? ज्यांच्याकडे तुझा कागद आहे त्यांना सांग.' एवढी दोन वाक्यं लिहायला तुला आठ दिवस लागले.

सांगितलं.

साहेबांनी आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला. माझं बोलणं संपेपर्यंत चहावर साय धरली होती.

"बाई, पाच वर्षांनी हे कशाला उकरून काढताय? कातळ गेला, रस्ता झाला. रोज हजार गाड्या जातात तिथून. आपण लिहू, 'संवर्धनकाळात नमुना दूषित झाला.' होतं असं. कोणी विचारणार नाही."

"दूषित आधीपासूनच होता साहेब. मला ठाऊक होतं, आणि मी सही केली."

"ठाऊक होतं म्हणजे, अंदाज होता."

"नाही. ठाऊक होतं."

"तुम्ही थकलाय. चार दिवस घरी बसा."

"मी लेखी आणलंय. आणि माझ्या भावाबद्दलही आहे त्यात. तो चोर नव्हता."

त्यांनी कागद घेतला नाही. मी टेबलावर ठेवला. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मलाही तोंडघशी पाडलंत तुम्ही. त्या कागदावर खाली माझीही सही आहे." माणूस वाईट नाही. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण एक जात वाचवली.

दुसऱ्या दिवशी कल्चर रूमची किल्ली काढून घेतली. चौकशी होईपर्यंत मी वाळलेल्या नमुन्यांच्या खोलीत पाकिटं चिकटवते. माझ्या जागी आलेली नवी बाई हुशार आहे, हात हलका आहे. तिने पहिल्याच दिवशी बाकीच्या जातींच्या सगळ्या बशाही उजेडात काढल्या, जे मी बारा वर्षांत एकदा करायला हवं होतं. डबा खायच्या वेळी माझ्या टेबलावर कोणी बसत नाही. मावशी तेवढ्या बसल्या. म्हणाल्या, "तेव्हाच म्हटलं होतं मी," आणि डबा संपवून उठल्या.

नव्या बाईने एक कपाट रिकामं करून ठेवलं आहे. कुंडी आली तर पहिल्यांदा धुवायला मला आत येऊ देईन म्हणाली, कारण म्हातारीला किती ब्लीच सोसतं ते माझ्याखेरीज कोणाला माहीत नाही. तिच्यासमोर उभं राहून मला परवानगी मागावी लागली, तीही माझ्याच खोलीत जायची. मागितली. अजून काय काय मागायला लावणार आहेस ते एकदाच सांग.

ताई


१७ एप्रिल

सरड्या,

वहिनी कुंडी मांडीवर घेऊन नऊ तास बसमध्ये बसून आली. पाय सुजले होते तिचे. तुझी चिठ्ठी दिली. वरती 'ताई' लिहिलं आहेस, तेच आधी कितीतरी वेळ बघत होते.

सगळं वाचलं. तीन घरं बदललीत, तिन्ही वेळा सामानाच्या गाडीत कुंडी तुझ्या हातात. नळाचं पाणी सोसणार नाही म्हणून पावसाचं साठवून ठेवायचास. कातळ कायम ओला असायचा म्हणून तूही तिला एक दिवस कोरडं पडू दिलं नाहीस. लेकीला न्हाणीघरात मोठ्याने गाऊ देत नव्हतास, हे वाचून मात्र हसले. शेवाळाला कान नसतात, वेड्या. शेवटी लिहिलंस, 'मी माझं केलं. आता तू सांभाळ.'

कुंडी बघून पहिल्यांदा ऊर भरून आला. गच्च हिरवी, काठापर्यंत. नव्या बाईनेही टाळी वाजवली. मग मी चिमट्याने एक पुंजका काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

पान रुंद होतं. केस नव्हता. लाल मणी होते.

दुसरीकडून काढला. मग मधून, मग काठाजवळून. चार दिवस मी आणि ती बाई आळीपाळीने बसलो, कुंडीतला एक एक पुंजका काढून बघितला. अगदी तळाशी, जुन्या थरात, तीन पानं सापडली, पांढऱ्या केसांची. तपकिरी झालेली, पेशी रिकाम्या. तरी रुजत घातली आहेत. काही होणार नाही, मला इतकं तर कळतं.

म्हणजे तू खरीच आणली होतीस. ती तुझ्याकडे काही काळ जगली. मग फुकटीने तिला खाली दाबलं. फुकटी कुठून आली, ते सांगते. ती कुंडी तू काचघरातून उचललीस, माती मी भरून ठेवलेली. भाजून न घेतलेली, कारण ती साध्या रोपांसाठी होती. आणि दुसरं म्हणजे, कातळ कायम ओला नसायचा. तू नेहमी सकाळी चढायचास, म्हणून तुला तो ओलाच माहीत. दुपारी ऊन आलं की खडखडीत वाळायचा, आणि त्या वाळण्यातच फुकटी मरायची आणि म्हातारी टिकायची. वाळली की तिचे पांढरे केस नुसत्या डोळ्यांना दिसतात, ओली असताना दिसत नाहीत. तू तिला एकदा जरी वाळू दिलं असतंस, तर तुलाच कळलं असतं कुंडीत कोण आहे ते. हे मी तुला एका फोनवर सांगितलं असतं. आपण बोलत असतो तर.

वहिनीने व्हरांड्यात विचारलं, "तीच आहे ना हो ताई? त्याला फोन करायचाय." मी म्हटलं, बघून सांगते. दोन दिवस हेच सांगत राहिले.

खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मी लिहूनही बघितलं. 'तीच आहे.' दोन शब्द. तुला भिंग नाही, वहिनीला शेवाळ कळत नाही, नवी बाई म्हणाली, तुमचं घरचं आहे, तुम्ही काय सांगायचं ते सांगा. तुला कधीच कळलं नसतं. तू दोरावर लटकून काचा पुसताना मनात म्हणाला असतास, आपण एक जात वाचवली. ते वाक्य किती गोड लागतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. आणि खोटं मला जमतं, हे तर तुलाही माहीत आहे.

ती नाही, सरड्या. कुंडीत म्हातारी नाही. आता कुठेच नाही.

काल यादीत नाव कापलं. नव्या बाईने पेन माझ्या हातात दिलं, मी घेतलं नाही, तिनेच लिहिलं. 'शेवटची जिवंत नोंद' म्हणून तारीख घालायची होती. मी तुझ्या कुंडीची घालायला सांगितली, तू बाग सोडलीस तो दिवस. माझ्या बशांचा उल्लेख नाही.

मला शिव्या द्यायच्या असतील तर कार्डावर मावणार नाहीत, कागद घे. यायचं असेल तर ये. येणार नाहीस, हे मी धरून चालले आहे.

कुंडी वहिनीबरोबर परत पाठवते आहे. बागेला ती नको, इथे तिच्यासारख्या शेकडो आहेत. काढलेले पुंजके पुन्हा दाबून बसवले आहेत, धरतील. पाणी घालायचं की नाही, ते तूच ठरव.

ताई